बाणाला कोड नसतो

…नाही, तुम्हीच सांगा, बाण हा काय आजार आहे? ताप मी समजू शकतो, खोकला समजू शकतो, पण रक्ताच्या रिपोर्टवर पोटॅशियमपुढे एवढासा बाण, तोंड वर केलेला, आणि तेवढ्यावरून मला, नळ-स्क्रू-बिजागऱ्यांचं दुकान शून्यातून उभं करणाऱ्या माणसाला, स्वतःच्या गल्ल्यावरून उठवलं. कुणी? बायकोने. "अहो, हे पोटॅशियम म्हणे थेट हृदयावर जातं. तुम्ही ठणठणीत आहात असं डॉक्टर लिहून देतील त्या दिवशी गल्ल्यावर बसा. तोवर मी बसते." आणि बसलीसुद्धा. केळी बंद, टोमॅटो बंद, दुकान बंद… म्हणजे दुकान चालू, मी बंद. आता यात माझं काय चुकलं?

तर झालं असं, की दरवर्षीच्या तपासणीला गेलो. रक्त घेणाऱ्या गृहस्थाने दंडाला पट्टा आवळला, मुठीत एक रबरी चेंडू दिला आणि म्हणाला, "काका, नुसता धरून ठेवा." आता तुम्हाला सांगतो, वॉशर विकण्यात हयात गेलेल्या माणसाच्या हातात रबर द्यायचं आणि नुसतं धर म्हणायचं? रबर हातात आलं की दाबायचं, सोडायचं, परत फुगतं कसं ते बघायचं. माल अस्सल की भुसकट, ते अंगठ्याला कळतं. मी दाबला. म्हटलं, "हे कुणाकडून घेतलं?" तो म्हणाला, "ऑफिसातून येतं, काका." "फसवलं तुम्हाला," मी म्हटलं, आणि खात्री करायला पुन्हा दाबला. मग मला आठवला तो घाऊक व्यापारी, ज्याने असेच गुळगुळीत वॉशर माझ्या गळ्यात मारले होते, आणि गावातले सगळे नळ एकदम गळायला लागले होते… ती गोष्ट मी त्याला दाबून, सोडून, प्रात्यक्षिकासह सांगितली. गोष्ट रंगली, शिशी भरली. आणि रिपोर्टवर बाण.

डॉक्टर तसे हसतमुख. रिपोर्टवर नजर टाकली, "विशेष काही वाटत नाही, पण पुन्हा एकदा तपासून घेऊ," म्हणाले, आणि कागदावर काय लिहिलं असेल? 'पोटॅशियम', आणि पुढे बाण. दुसरा बाण. ते घेऊन मी नि ही खिडकीपाशी. तिथे कोडिंगवाली बसते. म्हणजे काय, की जगातल्या प्रत्येक दुखण्याला एक आकडा आहे, आणि आकडा टाकल्याशिवाय विमा कंपनी हलत नाही, दुसरी तपासणी होत नाही. ही पोरगी तो आकडा टाकते. तिने कागद पाहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, बाणाला कोड नसतो."

म्हटलं, "अगं, पण वर गेलंय हे दिसतंय ना?"

"मला दिसतंय, काका. पण मी पाहून चालत नाही. त्याचा अर्थ काय, ते डॉक्टरांनी शब्दांत लिहायला हवं."

हिने मागून मान डोलावली. "बरोबर आहे तिचं." म्हणजे दुकानातून उठवणारी ही, आणि साथ त्या पोरीला. माझं काय चुकलं?

परत डॉक्टर. त्यांनी घाईत लिहिलं, 'पोटॅशियम वाढले?' परत खिडकी. पोरगी म्हणाली, "काका, प्रश्नचिन्हालाही कोड नसतो. शंकेवर मला आजार लिहिता येत नाही. उद्या शंका खोटी निघाली तर तुमच्या नावावर नसलेलं दुखणं चिकटेल." इतकं शांतपणे बोलली की भांडायला कुठे धरायचं तेच कळेना. गिऱ्हाईक असती तर दोन बिजागऱ्या जास्त विकल्या असत्या मी त्या पोरीला. पण आमची ही बाकावर सरकून चक्क तिच्या कंप्युटरात डोकावायला लागली. "प्रत्येकाला वेगळा आकडा? आणि चुकून दुसऱ्याच खणात गेलं तर?"

"मग शोधत बसावं लागतं, काकू."

"आमच्याकडे रोज तेच चालतं," ही म्हणाली, आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या.

शेवटी डॉक्टरांनी लिहिलं एकदाचं, 'रक्तात पोटॅशियम वाढलेले आढळले, फेरतपासणी करावी.' कोड पडला. तोच गृहस्थ, तोच पट्टा, मी आपला हात पुढे केला, तर चेंडू नाही. म्हटलं, "का हो, बदलून मागवलात?" तो म्हणाला, "तुमच्यासाठीच उचलून ठेवला, काका. मूठ अशी उघडमीट करत राहिलं की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं, आकडा उगाच चढतो. मागच्या वेळी तुमची गोष्ट ऐकण्यात माझं लक्षच गेलं नाही." म्हणजे चूक कुणाची? त्या घाऊक व्यापाऱ्याची. इतक्या वर्षांनी पुन्हा फसवलं त्याने मला.

दुसरा रिपोर्ट आला. बाण नाही. डॉक्टरांनी पूर्ण शब्दांत लिहिलं, 'पोटॅशियम योग्य प्रमाणात, उपचारांची गरज नाही.' कागद छातीशी धरून मी दुकानात शिरलो, वाटेत केळं खाल्लं ते वेगळं. हिने वाचलं, घडी घातली, डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या. खोटं कशाला सांगू, मलाही जरा भरून आलं. मग म्हणाली, "बसा." आणि गल्ल्यावरून उठली.

बसलो. तेवढ्यात प्लंबर आला, त्याला अर्ध्या इंचाचा वॉशर हवा होता. मी सवयीने डावीकडच्या डब्यात हात घातला… आत पडद्याचे हूक. खालच्या डब्यात बिजागऱ्या. वर बघतो तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा, आणि माझ्या हयातीचा पसारा शिस्तीत उभा. प्लंबर मला ओलांडून हिला म्हणाला, "काकू, व-सात द्या." हिने न बघता काढून दिला.

मी म्हटलं, "अगं, मला तो स्क्रूचा डबा दे, तो… तिकडचा," आणि बोट दाखवलं.

ही चष्म्यावरून बघत अगदी गोड आवाजात म्हणाली, "अहो, बोटाला कोड नसतो."

आता माझं काय चुकलं, हे मी विचारत नाही. गल्ल्यावर बसतो, आकडे पाठ करतो, आणि हात रिकामा असला की एखादा वॉशर घेऊन… नुसता धरून ठेवतो.