परसातील केळ परस्पर उपटल्याबाबत

जबाब देणार: चन्नबसम्मा शिवलिंग साखरे, वय ६६ वर्षे, व्यवसाय घरकाम, रा. वालूर, ता. सेलू, जि. परभणी.

मी गावच्या पोलीस चौकीत स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा विरेश व सून शिवरंजनी यांच्यासोबत राहते. पती शिवलिंग अप्पा वारले आहेत. घरामागे न्हाणीच्या पाण्यावर त्यांनी लावलेली देशी केळ होती.

मागील वर्षापासून तिची पाने कडेने पिवळी पडून बुंध्याला लोंबू लागली व बुंधा खालून उभा चिरला. माझा संशय शेजारी आश्रुबा खंदारे यांच्यावर गेला. मधल्या भिंतीवरून भांडण झाल्यापासून आमचे बोलणे बंद आहे. त्यांनी पलीकडून तणनाशक ओतले असावे, असे मी विरेशला वारंवार सांगितले. ओतताना मी पाहिलेले नाही; पण तसले काम कोणी दाखवून करत नाही.

विरेशने कृषी सहायक सुकेशनी मॅडमना बोलावले. त्यांनी बुंधा आडवा कापून आतले तांबूस वलय दाखवले. "मावशी, कुणी काही ओतलेलं नाही. हा मर रोग आहे, मातीत राहतो. बुडासकट काढून जाळा, अन् इथं पुन्हा केळ लावू नका," असे त्या म्हणाल्या. त्याआधी त्या आश्रुबांच्या परसात जाऊन आल्या होत्या, तिथे चहाही घेतला होता. म्हणून मी त्यांचे मानले नाही. अप्पांच्या हातचे एवढेच उरले आहे, मी असेपर्यंत कुदळ लावायची नाही, असे मी घरात बजावले.

त्यानंतर मला जिंतूरला लेकीकडे धाडण्याची घाई सुरू झाली. एरवी "राहा की" म्हणणारी सून या वेळी स्वतः माझी पिशवी भरत होती. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

परत आले तर केळीच्या जागी खड्डा, राख व चुना. पुढच्या अंगणात केळीचा कोवळा कोंब लावलेला. "आत्या, ही आपलीच केळ हाय," असे सून खाली मान घालून म्हणाली. कुठून आणला ते सांगेना. मुलगाही सांगेना. माझी केळ जाळून नर्सरीतले काहीतरी माझ्या गळ्यात मारले, अशी खात्री झाल्याने मी दोघांविरुद्ध व आश्रुबांविरुद्ध तक्रार देण्यास आले. मला फार राग आला होता.

त्यावरून आश्रुबा व त्यांची पत्नी बायनाबाई यांना चौकीत बोलावले. आश्रुबा म्हणाले, "वहिनी, भांडणाच्या आधी अप्पांनीच मला कोंब दिल्ता. माझी जागा चढावर हाय, तुमचं पाणी तिकडं येत न्हाई. मॅडमनी तपासली, माझी केळ निरोगी हाय. सूनबाईनं मागितला, मी दिला. तुमाला सांगू नका म्हणलो. तुमी उपटून फेकलं असतं."

मी फेकले असते, हे खरे आहे. पण तोंडच्या गोष्टीवर मी विश्वास ठेवला नाही. बायनाबाई घरी जाऊन त्यांच्या घडाची दोन पिकलेली केळी घेऊन आल्या. सर्वांसमोर मी त्यातले एक सोलून खाल्ले. चव अप्पांच्या केळीचीच होती.

माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही. दुसरे केळ मी सुनेसाठी घरी नेत आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे व खरा आहे, म्हणून खाली सही करते.