जयूच्या शेजारचं टेबल

आता हसू नका, पण एवढ्या रिसॉर्टच्या वॉटर पार्कात जाऊन मी पायसुद्धा भिजवला नाही, हॉटेलातच बसून होते! त्याचं असं झालं, शेजारच्या सुमनताईंची जयू आणि तिला सांगून आलेला मुलगा तिथं जेवायला भेटणार होते. घरचं कुणीही यायचं नाही, असं जयूनं बजावलेलं. इकडं सुमनताईंच्या घशाखाली घास उतरेना. म्हटलं, "मी जाते की! मी कुठं घरची?"

हॉटेल गुहेसारखं, आत अंधार. जयूच्या शेजारच्या टेबलावर बसून, मेनूकार्ड तोंडापुढं धरून त्या दोघांकडं कान लावले, तर पलीकडच्या टेबलावरची बाईही तशीच वाकलेली.

"तुम्ही कोणाकडून?" मी हळूच विचारलं.

"मुलाच्या शेजारची, बमरोलीहून आले. मुलगी तापट आहे का हो?"

"तोंडावर खरं बोलते. आणि मुलगा?"

"आईला भाकरी थापून देतो."

मी खुर्ची तिच्याकडं ओढली आणि आम्ही बोलतच बसलो. तेवढ्यात वेटरनं पुढ्यात श्रीखंडाच्या दोन वाट्या आणून ठेवल्या.

"उस टेबल से भेजा है. बोले, दोनों काकी मुँह मीठा करो, और घर पे फोन कर दो, पक्का है."