गाऱ्हाण्याचा नारळ

तो नारळ मी फेकला नव्हता, पण आमच्या चाळीत माझ्यावर विश्वास ठेवतंय कोण!

आमची शर्वरी वेसाव्याहून दादरपर्यंत समुद्रातून होडी वल्हवायच्या शर्यतीत होती. वारा पाठीशी आणि पोरगी सगळ्यांच्या पुढे. आमचे हे दादरच्या किनाऱ्यावर नारळ घेऊन गाऱ्हाणं घालतायत, "लेकीचो पयलो नंबर येऊंदे रे म्हाराजा!" यांचं गाऱ्हाणं काही संपेना.

मी ओरडले, "अहो आटपा, ती आली!"

त्या घाईत यांनी नारळ भिरकावला तो थेट होडीच्या तोंडावर. होडी उलटी!

शर्वरी परत चढली, तिसरी आली आणि हसत विचारते, "आई, नारळ कुणी मारला गं?"

किनाऱ्यावर जमलेली सगळी चाळ माझ्याकडे बघायला लागली. मी उखाण्याशिवाय कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी भर चौपाटीवर बोंबलले, "सदानंद!"