त्यांनी विचारलं, मी सांगितलं

...आणि वर मलाच विचारतात, "जावईबापू, यात माझं चुकलं काय?" आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? म्हणजे झालं असं, की आमचे सासरे, भूगोलाचे निवृत्त मास्तर, तीन वर्षं आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर एका बोटानं आत्मचरित्र लिहितायत, दोनशे बारा पानं झाली, आणि गेल्या महिन्यात एका सकाळी पडद्यावर एक चौकट उघडली, 'तुमचा कॉम्प्युटर हळू चालतो का?' यांनी दाबलं 'हो'. 'वेग वाढवून देऊ का?' पुन्हा 'हो'. म्हटलं, अहो बाबा, दाबलंत कशाला? तर शांतपणे, "त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

झालं. व्हायरस शिरला. चौकटीवर चौकट, एक मिटवावी तर चार हजर, त्यात एक बाई टकलावर केस उगवायचं तेल हवंय का विचारतेय आणि यांचं बोट परत 'हो'कडे निघालेलं... मी हातच धरला. "अहो, विचारतायत ना ते."

व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर लावायला गेलो, तर व्हायरस ते उघडूच देईना. मेहुण्याला फोन लावला, तो यातलाच. "भाऊजी, आधी इंटरनेटची वायर उपटा. आता सेफ मोडमध्ये चालू करा, त्यात गरजेपुरतंच चालू होतं, व्हायरस झोपून राहतो. मग स्कॅन लावा."

"आणि बाबांची फाइल?"

तो म्हणाला, "वाचेलच असं नाही."

फोन स्पीकरवर होता हो... सासऱ्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. पुसतच राहिले.

स्कॅन चार तास चालला. गप्प बसवेना, म्हणून मी आपलं विचारलं, पहिल्या पानावर काय होतं? त्यांनी सांगितलं. मग पुढे? मग पुढे... शाळेत जाताना ओढ्यात वाहून गेलेलं दप्तर, आणि ते शोधायला उडी मारलेले हेडमास्तर, कोटासकट. अकरा वर्षांत आमचं संभाषण काय, तर "पेपर झाला का वाचून?" "झाला." बायको दोनदा जेवायला बोलवून गेली. तिसऱ्यांदा आली ती तिथेच बसली.

त्रेसष्ट व्हायरस निघाले. फाइल उघडली. दोनशे बाराच्या दोनशे बारा पानं जशीच्या तशी. सासऱ्यांनी पाच पानं वाचली, चष्मा कपाळावर सरकवला.

"पुसून टाका."

"काय?"

"फार कोरडं झालंय. मघाशी कसं रंगलं होतं. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

पुसलं नाही मी, दडवून ठेवलंय. पण आता रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो, की चहाचा कप हातात घेऊन ते सांगतात आणि मी टाइप करतो. तक्रार नाही, मजा येते. काल चौथी पास झाले. निवृत्त व्हायला अजून वेळ आहे.