शोभेचं रिव्हॉल्वर

—अहो काका, नुसतं बघून पुढं काय चाललात? हातात घ्या की. घ्या घ्या, हात लावायला पैसे पडत नाहीत, आज अख्ख्या मिसुरी राज्यात तेवढंच एक फुकट उरलंय. सकाळपासून बसलेय मी या पत्र्याच्या शेडात. गेल्या उन्हाळ्यात जत्रेला इथं डुकरं बांधली होती, वास येतोय ना अजून?—पण तेव्हा डुकरांना गिऱ्हाईक तरी होतं. आता बघा, टेबलामागं माणसं जास्त आणि टेबलापुढं कमी. बंदुकांचा बाजार म्हणे! जो तो विकायलाच आलाय. पलीकडचे वर्जिल आजोबा, त्यांनी सकाळपासून काय विकलं विचारा. एक पट्टा. तोही कमरेचा.

माझा नवरा, क्लेटन, म्हणतो, रोझलिन, हे दिवस जातील, माणूस घाबरला की बंदूक घेतोच. अरे, घाबरतो रे, पण घाबरायलाही खिशात काहीतरी लागतं ना! मागं निवडणुकीच्या हंगामात, नवं सरकार बंदुकांवर बंदी आणेल म्हणून, लोक असे तुटून पडायचे की दुकानातल्या फळ्या रिकाम्या व्हायच्या. आता भीती तीच, उलट दुप्पट—अंड्यांचा भाव ऐकला की मीच दुकानातून पळ काढते—पण भाडं भरून, गाडीत डिझेल टाकून उरतं काय? फार तर गोळ्यांची एक पेटी. तीही हरणासाठी, कारण दुकानातलं मांस परवडत नाही. रविवारी मागच्या अंगणात गंमत म्हणून गोळ्यांनी डबे उडवायचे ते तर बंदच झालंय. वर्जिल आजोबांचा जावई म्हणे नेम धरतो आणि तोंडानंच ‘ठो’ म्हणतो. हसू नका, खरंच.

तर हे रिव्हॉल्वर. अडीचशे डॉलर. चिठ्ठी बरोबर वाचलीत, मीच लावलीय, आत्ताच, क्लेटन कॉफी आणायला गेला तेव्हा. तो म्हणतो, हे विकायचं नाही, हे शोभेला ठेवलंय, हे बघून गिऱ्हाईक थांबेल. थांबलात ना तुम्ही? मग झालं तर! शोभेचं काम झालं, आता विकायचं. चोरीचं? काय बोलता काका! मोडकंही नाही, बघा, मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे. मग स्वस्त कसं? अहो, त्यानंच सव्वादोनशेला घेतलं. मला स्वतः सांगितलं, स्वयंपाकघरात उभं राहून, आईची शपथ घेऊन. म्हणजे पंचवीस नफाच की! मला त्यातलं काही कळत नाही बाई, मी आपली नवऱ्याच्या शब्दावर चालणारी.

हा आलाच बघा. क्लेटन, हे काका आपलं रिव्हॉल्वर घेतायत, सव्वादोनशेचं अडीचशेला! काय रे? कॉफी सांडली? ठसका लागला वाटतं, पाणी पी. बघा कसा लाल झालाय—आनंदानं हो, कारखान्यात पाळ्या कमी केल्यापासून एवढा आनंद झालाच नव्हता त्याला. काही म्हणायचंय का, क्लेटन? भाव चुकला असला तर सांग काकांसमोर, तूच सांगितलेला आहे. नाही? मग गप्प बसलास तरी चालेल.

घाई कसली? घाई कुठंय? पोराचे डायपर संपलेत, एवढंच. आमचा बो, अडीच वर्षांचा. तिकडं माझ्या बहिणीपाशी मक्याच्या लाह्या खातोय, तो निळ्या टोपीतला. गोड आहे ना? हुशारही तितकाच. खुर्ची ओढतो, खुर्चीवर चढतो, कप्पा उघडतो—परवा मी न्याहारीसाठी पीठ मळत होते, तर मागून म्हणाला, ममा, हे बघ. वळले तर दोन्ही हातांनी धरलेलं, हेच, ही लाकडी मूठ त्याच्या पोटाला टेकलेली आणि नळी माझ्याकडं. हसत होता. माझे हात पिठात. ओरडले तर दचकेल, धावले तर दचकेल—मी म्हटलं, बाळा, मध खायचा? त्यानं ते तिथंच टाकलं आणि पळत आला. क्लेटन म्हणाला, रिकामं होतं, रोझलिन. रिकामं होतं, रिकामं होतं, दिवसभर तेच. अरे, वळले तेव्हा मला कुठं माहीत होतं! तेव्हापासून मी रात्री उठून तो कप्पा—हे तुम्हाला का सांगतेय मी? तुम्ही डायपरचं धरून चला.

काय? कुलपाची पेटी घ्या? चांगल्या पेटीचा भाव विचारलाय का हल्ली? आणि हा म्हणतो, कुलूप काढेपर्यंत चोर आला तर? चोर! आमच्या घरी यायचं तर चोराला डिझेलचा खर्च अंगावर पडेल.

आता विचार कसला करताय, काका? दोनशे? दोनशेला मागता? अहो, जरा तरी लाज वाटू द्या, चौदाशेचं रिव्हॉल्वर अडीचशेला घालतेय आणि वर घासाघीस—

…

चौदाशे म्हटलं का मी?

असू दे. हो, क्लेटन, माहीत आहे मला. तू आणलंस त्याच रविवारी कळलं. त्या बंदुकीच्या दुकानदाराची बायको, वांडा, चर्चमध्ये माझ्याच शेजारी उभी राहून गाते, आणि दोन कडव्यांच्या मधे तिला गप्प राहवत नाही. वाटलं होतं, तुझ्याच सव्वादोनशेच्या थापेनं तुझं तोंड बंद राहील आणि ही ब्याद जाईल. आता थाप उघडी पडली, आता तुला तोंड फुटेल. बोल. नाही म्हण. चल, घरी ने, त्याच कप्प्यात ठेव.

काका, तुम्ही जाऊ नका, थांबा जरा. पोराकडं बघतोय तो… काय रे, क्लेटन? काय करतोस? काकांच्या हातात देतोस? तुझ्या हातानं? आणि अडीचशेलाच? अरे, थांब, गेल्या महिन्यात वर्जिल आजोबांनी असलंच सातशेला दिलं, एवढ्या पडत्या बाजारात सातशेला—काका, पाचशे तरी—

नको. नको, काही ऐकू नका. पैसे ठेवा आणि निघा. याचं मन फिरायच्या आत—आणि माझं फिरायच्या आत. बघत काय उभे राहिलात? अहो, जा म्हणते ना!