बिनफोडणीची मिसळ

— अहो बसा की जयरामकाका, त्या तेलाच्या डब्यावरच बसा, काही होत नाही, तुमच्यासारखे दोन पेलेल तो. मामाने आणून ठेवलाय. सील फोडलेलं नाही अजून, आणि तुम्ही आज नीट खाल्लंत तर फोडायचंही नाही — ते सांगतो नंतर. आधी बसा. मिसळ एक, दही शेंगदाण्याचं, फरसाणाऐवजी भाजके मुरमुरे, जिलबी विचारायची नाही, सगळं पाठ आहे मला. ताई कुठे? सांगतो ना. मटकी बघा कशी मोड काढून बसलीय, एकेक दाणा शेपूट वर करून.

ताई गेली, काका. — नाही, गावाला नाही. गेली. पेठ रोडवरून भाजी घेऊन येत होती, गाडीवर, समोरून ट्रक. — तुम्ही उठू नका. उठू नका म्हणतो ना. तुम्ही निफाडला लेकीकडे होतात, तुम्हाला कोण सांगणार. काल तेरावा झाला, आज गाडा लावला. आणि मी रडत नाहीये बघा, सकाळपासून नुसता हसतोय, तो समोरचा चहावाला म्हणाला याला काहीतरी लागलंय. तर त्याला म्हटलं, भूक लागलीय, दुसरं काय लागणार.

हां, तर डब्याचं. धनराजमामाचं म्हणणं, हर्षाली होती तोवर तिची थेरं चालली, आता गाड्यावर तर्री पाहिजे, लाल, बोटभर तेल वर. सातपूरच्या कारखान्यातला माणूस पाळी संपवून येतो, त्याला पाल्यावर काय ठेवता. मी म्हटलं एक दिवस द्या. आजचा. आज ताईच्या हातासारखी झाली तर ठेवायची, नाही झाली तर उद्या डबा फोडा. मामा म्हणाला, आठवी नापास तू, तुला काय जमणार. आता मिसळीला आठवी कशाला लागते? ताई तर शिकलेली होती, तरी भाकरी करपवायची.

पण डोकं होतं तिला. ती म्हणायची, मयूर, तेल-मीठ-साखर हे तीन भाऊ आहेत, एका घरातले. तेलाला बाहेर काढलं की हात आपोआप मिठाकडे जातो. मिठाला हाकललं की गुळाचा खडा पडतो. लोक एकालाच शिव्या देतात आणि बाकीचे दोघं मागच्या दाराने येऊन बसतात. म्हणून तिघांना एकदम समजवायचं. गोडीला लासलगावचा कांदा, सालीसकट निखाऱ्यात — गूळ झक मारतो त्याच्यापुढे. तेलाऐवजी दाण्याचा कूट, पाणी टाकून गंधासारखा वाटलेला. मोहरी-जिरं कोरडंच भाजून कुटायचं. आणि मीठ भांड्यात नाही, वाढताना वरून — जिभेला आधी तेच भेटतं, मग चिमटीत भागतं. तुमचं बीपी, तुमची शुगर, तुमच्यासाठीच तर सुरू केलं तिने. तुमच्या आणि तुमच्यासारख्या दहा-बारा जणांच्या काकू येऊन सांगून जायच्या ना.

आई भांडायची तिच्याशी. फोडणी नाही म्हणजे काय — आमच्यात सुतकातच देत नाहीत फोडणी, तुमच्यातही तसंच ना? तर आई म्हणायची, मेल्याघरचं जेवण बाजारात विकतेस, घरात अवदसा आणशील. — आता बघा. आता आई तेच एक वाक्य परत बोलत नाही, बाकी सगळं बोलते.

आणि गंमत ऐका. सुतकात शेजारणी डाळ आणायच्या, फोडणी नाही, नुसतं पिवळं पाणी. पाहुणे एका हाताने डोळे पुसायचे, दुसऱ्या हाताने डाळीत चव शोधायचे. मी उठलो, ताईच्या बरण्या काढल्या आणि तिच्या पद्धतीने केलं सगळं. फोडणी नाहीच त्यात, कोण काय बोलणार? लंकाबाई आत्या, रडून रडून घसा बसलेला तिचा, तिने पदराआडून ताटली पुढे केली. मग आमचे सख्खे काका. मग मामा, हाच मामा. सगळे दुसऱ्यांदा घेतायत आणि कोणी कोणाकडे बघत नाही. मला हसू फुटलं, सुतकाच्या घरात, पोट धरून. लोकांना वाटलं पोराचं डोकं फिरलं. मला वाटलं, ताईला सांगतो हे. आत गेलोसुद्धा सांगायला. तिच्या खोलीत. दार उघडून उभा, आणि — असो. कांदा घ्या अजून.

काल आईने पहिली फोडणी दिली. मोहरी तडतडली, लोक म्हणाले घर जागं झालं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

खा ना. असं माझ्याकडे बघत काय खाता, ताटलीत बघा. कशी झालीय? — छान. तुम्हीपण छानच म्हणा. सकाळपासून सगळे छान म्हणतायत, पाठीवर हात ठेवून. मेलेल्या बहिणीची मिसळ, वाईट कोण म्हणेल? — नाही, मी नाही चाखली. मला कळत नाही चव. त्या दिवसापासून जिभेवर काही उतरतच नाही, मीठ काय, साखर काय, सगळा भुसा. हाताला आठवतं तेवढं टाकतो. हे मामाला बोलू नका. बोललात तर आत्ताच डबा फुटेल. म्हणून तर तुमची वाट बघत होतो, तुम्ही रोज खाल्लीय तिची, रोज कुरकुर केलीय. खरं सांगा फक्त. छान नको, खरं.

तिखट लागलं? डोळ्याला पाणी कशाला मग, थांबा, पाणी देतो, हा ग्लास धुवून —

काका.

हात कुठे चाललाय तुमचा? — तो मिठाचा डबा आहे. ताईची पाठ वळली की तुम्ही असाच हात घालायचात त्याच्यात, ती बघायची, मला डोळा मारायची, तुम्हाला वाटायचं कळत नाही तिला. कमी आहे ना मीठ? बोला ना. कमी आहे. रोजच्याइतकंच कमी आहे ना?

द्या तो डबा इकडे. चिमूटभरसुद्धा मिळणार नाही, काकू माझा जीव घेतील. आणि उठा आता, कंपनीचा भोंगा झाला तुमचा. उठा हो — तो तेलाचा डबा मामाकडे परत पाठवायचाय. हसत नाहीये मी. जा तुम्ही. उद्या या. जा.