मावशी एक झाली की काय होतं

तिथे नको, खिडकीसमोर बसा, तोंड उजेडात असू दे. हां, असं. तर तुम्ही म्हणता, कुणी पाठवलं नाही, आपले आपणच आलात. बरं. कसं आहे, लोक मेल करतात — बाई, तुमच्या लायब्ररीत, म्हणजे पुस्तकांच्या नव्हे, या कोडच्या, हातभार लावू का — मी लावा म्हणते, मग ते दोन ओळी दुरुस्त करतात आणि जे गायब होतात ते होतात. तुम्ही मात्र वर्ष होत आलं, गुपचूप एकेक दुरुस्ती पाठवताय, नाव ठेवायला जागा नाही, आणि आज थेट तीन जिने चढून दारात — कशाला, तर किल्ली मागायला. किल्ली नाही म्हणालात? काय म्हणालात मग, 'जबाबदारी वाटून घेऊ'? तेच हो ते. ती प्रकाशनाची किल्ली ज्याच्या हातात, तो उद्या लायब्ररीच्या नावावर काय वाटेल ते सोडू शकतो, आणि जगभरचे प्रोग्राम ते डोळे मिटून घेतात. म्हणून ती माझ्या एकटीकडे आहे. इतकी वर्षं आहे.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारी संशयी आहे. आहेच मी. गेल्याच महिन्यात कंपनीतून फोन आला होता — डेटाबेस विकणाऱ्या कंपनीतून, हो — इतका गोड माणूस, की माझ्या प्रकृतीची चौकशी केली. 'आपण दमला असाल, लायब्ररी आम्ही सांभाळू.' सांभाळतील, आणि वर्षाच्या आत तिचा गळा दाबतील, कारण त्यांची स्वतःची आहे ना एक, दर मशीनमागे परवाना घेऊन विकतात ती. आमचे हे शेजाऱ्यांना लायब्ररीबद्दल सांगतात, आमच्या घरात एक दुभाषी आहे, डेटाबेसचं बोलणं बाकीच्या प्रोग्रामांना सांगणारी. चूक नाही त्यात. त्यांचा डेटाबेस जी बोली बोलतो ती त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही, मी बाहेर उभी राहून ऐकत ऐकत शिकले, आणि शिकले ते फुकट वाटून टाकलं. माझी भाची रक्तपेढीत आहे. डेटाबेस त्यांना कुणीतरी देणगीत दिला, परवान्यांचे पैसे कोण देणार? कुठल्या गटाची पिशवी कुठल्या फ्रिजमध्ये, हे विचारायचं तर मधे माझी लायब्ररी. उद्या ती बंद पडली तर त्या पोरी काय फ्रिज उघडून शोधत बसणार आहेत? म्हणून विचारतेय, राग मानू नका.

मावशीबद्दल विचारायचंय मला. हसू नका, नाव मीच ठेवलंय तिचं. जोडणी झाली की डेटाबेस पहिल्यांदा जो नमस्कार धाडतो, त्यात एक आकडा असतो — ना काही मागतो, ना काही सांगतो, नुसता येऊन बसतो. माझी सख्खी मावशी डिट्टो अशीच होती, म्हणून मी कोडमध्ये तेच लिहिलं, आणि आता कुठकुठले लोक तिला मावशी म्हणतात, अर्थ न कळता. तर ही मावशी कायम शून्य. इतक्या वर्षांत मी तिला शून्याशिवाय काही पाहिलेलं नाही. आणि तुमच्या शेवटच्या दुरुस्तीत काय लिहिलंय? मावशी एक झाली तर नवीन काम पाठवू नका, डेटाबेस दुरुस्तीसाठी बंद होतोय. यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, वा, काय डोकं — म्हणजे मी वाचलं, हे आपले शेजारी बसलेले — जाऊ दे. सांगायचं काय, की जे कधी घडलंच नाही ते बाहेर उभ्या माणसाला ऐकू कसं येईल? मावशी एक झाली की काय होतं, हे फक्त आतल्या माणसाला माहीत असणार. काय करता तुम्ही? नोकरी कुठे?

अहो, मी साधं विचारतेय, नोकरी कुठे. खिशात काय चाचपताय? कंपनीचं कार्ड? — थांबा. थांबा जरा. तुम्हाला त्या फोनवाल्याने पाठवलं असतं तर तुम्ही आता फडाफडा खोटं बोलला असता, नाही का. तुम्ही तर खरं कार्ड काढायला निघालात. म्हणजे खरंच आपले आपण. नोकरी पणाला लावून, आमचं भलं व्हावं म्हणून. अरे देवा. हे तर त्याहून वाईट झालं.

ठेवा ते आत. दाखवू नका. मला तसंही दिसत नाही — मधलं सगळं पुसट झालंय, कडेकडेचं दिसतं, म्हणून तुम्हाला उजेडात बसवलं — पण यांना दिसतं. अहो, ऐकलंत का, तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नका, चहा तिथेच राहू दे. हे भाषेचे मास्तर होते, वर्षभर तुमची एकेक ओळ यांनी मला वाचून दाखवलीय, कंस उघडला, कंस मिटला, आणि मी मान डोलवत गेले. तुमची ती मावशीची दुरुस्ती मी मागच्या आठवड्यात सोडलीसुद्धा सगळ्यांसाठी. कळतंय का काय केलंत? कंपनीचे वकील दोनदा आले आणि दोनदा हात हलवत गेले, ते कशाच्या जोरावर — की यातली एक ओळ कंपनीच्या आतून आलेली नाही. एक जरी निघाली तर कोर्टातून बंदी आणतील, आणि पेढीतल्या पोरी बसतील हात चोळत. आता तुमचं सगळं उपसून काढायला हवं. सगळं, चांगलं-वाईट न बघता. हे वाचणार, मी काढणार.

खरं सांगू? वाईट वाटतंय मला, फार. मला दुसरं कुणी नाही हो. सकाळी यांना म्हटलं, माणूस नीट वाटला तर आज देऊन टाकू किल्ली, सुटू एकदाचे. आणि माणूस नीटच निघाला.

नाही, बोलू नका. कुठे काम करता ते मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही, असंच धरून चला. तोंडातून शब्द काढलात तर तो मी ऐकला, असं होईल. उठा. दार मी लावते. आणि पुन्हा काही पाठवू नका. चांगलं असेल तर मुळीच नको.